लुआंग्वाच्या काठी सुके बोंबील

आफ्रिका मी आयुष्यभर शिकवली. पनवेलच्या शाळेत भूगोलाच्या तासाला तिचा नकाशा पुस्तकात न बघता फळ्यावर काढायचो, नद्यांसकट. तिथे प्रत्यक्ष जाण्याची हौस मात्र मला कधीच नव्हती. जी गोष्ट एका तासात पोरांच्या डोक्यात उतरवता येते, तिच्यासाठी विमानात पाय आखडून बसायचं, हा उद्योग घरी करमत नसलेल्या लोकांचा.

तरी गेलो, कारण आमची एकुलती एक मुलगी तिथे आहे. रुपाने हॉटेल मॅनेजमेंट केलं, काही दिवस गोव्यात काढले, आणि एक दिवस झांबियात जाते म्हणाली. म्हटलं, जाईल, कंटाळेल, येईल. ती काही येईना. लुआंग्वा नदीच्या काठी, राखीव जंगलातल्या एका सफारी कॅम्पची ती मॅनेजर झाली. फोनवर बोलताना मागून कसलेतरी भयंकर आवाज यायचे आणि ही हसून सांगायची, ‘काही नाही बाबा, पाणघोडे आहेत.’

इकडे माझ्या थोरल्या भावाचा मुलगा निलेश, पनवेलच्या नव्या विमानतळाजवळ उभ्या राहणाऱ्या एका मोठ्या हॉटेलात लागला होता. गव्हाणकडे जिथे आमची भाताची खाचरं होती, तिथून ते हॉटेल दिसतं. त्याने साहेबांकडे शब्द टाकून रुपासाठी मॅनेजरची जागा राखून ठेवली. नवीन पनवेलच्या आमच्या घरापासून स्कूटरने जाता येईल अशी नोकरी! आणखी काय पाहिजे? पण असल्या गोष्टी फोनवर सांगून होत नाहीत. समोर बसवून, पोटभर खाऊ घालून, मग हळूच विषय काढावा लागतो. म्हणून गणपती पाण्यात गेले आणि आम्ही दोघं निघालो. सफारी हे निमित्त. मी मुलीला परत आणायला गेलो होतो, आणि हे वाचणाऱ्याने शेवटपर्यंत लक्षात ठेवावं.

माझा सगळा डाव सुक्या बोंबलांवर होता. रुपा लहानपणी तापात पडली की काही खायची नाही, पण निखाऱ्यावर भाजलेला बोंबील आणि तांदळाची भाकरी म्हटलं की उठून बसायची. सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, उन्हाळ्यात वाळवलेल्यातले निवडक बोंबील आणि थोडा जवळा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, वर जुनं धोतर बांधून दिलं. ते बोचकं मी माझ्या बॅगेत स्वेटरखाली ठेवलं.

तंबू नावाचा बंगला

झांबियाची राजधानी लुसाका, तिथून रिक्षाएवढ्या विमानाने गेलो. धावपट्टी म्हणजे लाल मातीचं मैदान. त्यावर हरणं चरत होती, म्हणून विमानाने वर एक चक्कर मारली आणि खालून कोणीतरी जीप पळवून हरणं हाकलली. जीप चालवणारी आमची रुपाच होती. खाकी कपडे, डोक्यावर टोपी, काळी पडलेली. ती आईला घट्ट बिलगली, माझ्या पाया पडली, आणि लगेच चिमट्याने ओला रुमाल उचलून माझ्यापुढे धरला. पोटच्या पोरीने बापाला हात पुसायला चिमट्याने रुमाल द्यावा!

‘अगो, घरचीच माणसा हाव ना आमी,’ सुमन म्हणाली.

‘आई, आत्ता मी ड्युटीवर आहे,’ रुपा म्हणाली.

कॅम्पात आमच्याबरोबर एक जर्मन जोडपं आणि एक एकटीच इंग्रज म्हातारी आली होती. रुपाने सगळ्यांना नदीकाठच्या मोठ्या झाडाखाली उभं केलं आणि इंग्रजीत नियम सांगितले. एकट्याने फिरायचं नाही. नदीच्या कडेला जायचं नाही. आणि तंबूत खाण्याची कुठलीही वस्तू ठेवायची नाही. बिस्कीट नाही, चॉकलेट नाही, च्युइंग गमसुद्धा नाही. जे असेल ते आत्ताच स्वयंपाकघरात द्यायचं, तिथे बंद कोठी आहे. वासाने जनावर तंबूत शिरतं. ज्याच्या तंबूत खाणं सापडेल त्याला पुढच्या विमानाने परत पाठवलं जाईल. मग आमच्याकडे वळून तेच मराठीत म्हणाली, ‘आई, बाबा, हे तुम्हालासुद्धा आहे हं.’

आमचा गाईड मोझेस म्हणून उंच, भयंकर बोलका माणूस होता. त्याने अभिमानाने भर घातली, की मागे एका बड्या उद्योगपतीला मॅडमने, म्हणजे आमच्या रुपाने, चॉकलेटांपायी घालवून दिलं होतं. मी मनात हसलो. गोऱ्यांना असं सांगावंच लागतं. त्यांना जंगल कधी ठाऊक?

सुमनने चकल्या, बेसनाचे लाडू, चिवडा सगळं निमूटपणे देऊन टाकलं. ‘बोंबील तुमच्या बॅगेत हाईत, ते पन देऊन या,’ म्हणाली. मी ‘हो’ म्हटलं आणि दिले नाहीत. का ते पुढे सांगतो.

आधी त्या तंबूबद्दल. तंबू म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे जे येतं त्याच्याशी त्याचा काही संबंध नाही. खाली गुळगुळीत लाकडी फरशी, दोन पलंग, आरामखुर्च्या, आणि मागे उघड्यावर आंघोळीचा टब, ज्यात बसून माणसाने हत्तींकडे बघायचं आणि हत्तींनी माणसाकडे. रात्री अंथरुणात गरम पाण्याची पिशवी. दिवे मात्र मुद्दाम मिणमिणते, म्हणजे आपण रानात आहोत असं वाटावं. आमच्या लहानपणी गव्हाणला असाच मिणमिणता उजेड होता, कापडाऐवजी कुडाच्या भिंती होत्या, आणि घरात विंचवापासून धामणीपर्यंत सगळं वन्यजीवन फुकट होतं. कोणी जर्मन बघायला आला नाही.

नदी बाकी मोठी आहे, ते मान्य केलं पाहिजे. उन्हाळ्याने आटून वाळूच्या पट्ट्यांमधून वाहत होती, तरी आमची गाढी नदी तिच्यापुढे नाल्यासारखी. पात्रात पाणघोडे एकमेकांना खेटून पडलेले. दिवसभर फुसफुसायचं, हगायचं आणि एकमेकांवर ओरडायचं, एवढंच त्यांचं काम. काठावर मगरी तोंड उघडून पडलेल्या असतात आणि तासन्‌तास हलत नाहीत. इंग्रज म्हातारी त्यांचे पुन्हा पुन्हा फोटो काढायची. न हललेल्या मगरीचे इतके फोटो कशाला हवेत, हे मी विचारलं नाही, कारण विचारलं तर ती सांगत बसली असती.

सूर्याच्या आधी उठणारी माणसं

या कॅम्पात सुट्टीवर आलेल्या माणसाला अंधारात उठवतात. दाराशी येऊन कोणीतरी ‘गुड मॉर्निंग’ असं गाण्यासारखं म्हणत राहतं, तुम्ही उत्तर देईपर्यंत. मग शेकोटीभोवती उभं राहून पातळ लापशी खायची आणि उघड्या जीपमध्ये थंडीत कुडकुडत बसायचं.

पहिल्या दिवशी मी माझा चांगला निळा शर्ट घातला होता. जर्मन जोडपं नखशिखांत मातकट रंगात होतं, जणू मातीच्या ढिगाऱ्यातून काढलंय. मला त्यांची कीव आली. थोड्या वेळात माझ्यावर गोमाशीसारख्या मोठ्या माश्या तुटून पडल्या. चावतात अशा की सुई टोचावी. मोझेस आनंदाने म्हणाला, ‘त्सेत्से माशी, सर. तिला निळा रंग फार आवडतो.’ त्सेत्से माशी मी वर्षानुवर्षं पोरांना शिकवली होती. निळ्या शर्टाचं पुस्तकात कुठे नव्हतं. जर्मन बाईने मला मलम दिलं आणि माझी कीव केली.

मोझेस दर थोड्या वेळाने जीप थांबवून खाली उतरायचा आणि शेण दाखवायचा. हत्तीचं शेण, तरसाची पांढरी विष्ठा, आणि कुणाची आहे यावर त्याचे स्वतःशीच मतभेद असलेली आणखी काही. सगळे माना डोलवायचे. शेवटी सिंह दिसले. झाडाखाली आडवे पडून झोपलेले, पोटं वर. आम्ही सगळे श्वास रोखून कुजबुजत बघत होतो आणि ते झोपले होते. सुमन माझ्या कानात म्हणाली, ‘तुमच्या भावासारखाच पडलाय बगा, जेवन झाल्यावर.’ ती हसली, मीही हसलो. त्या प्रवासात आम्ही दोघं एकत्र हसलो ते तेवढंच.

संध्याकाळी जंगलात टेबल मांडून सूर्य मावळताना दारू पितात. रात्रीच्या जेवणाला सगळ्यांना एकाच लांब टेबलावर बसवून दिवसभरात काय दिसलं ते सांगायला लावतात. माझी पाळी आली तेव्हा मी ‘माश्या’ म्हणालो. रुपा टेबलाच्या टोकाला बसून सगळ्यांशी हसत होती. एकाला पाणी, दुसऱ्याला चमचा, म्हातारीला शाल. माझ्याकडे तिची नजर यायची ती पाहुण्याकडे यावी तशी. मला ते सहन होत नव्हतं.

मागचं स्वयंपाकघर

तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिला शोधत कॅम्पाच्या मागच्या बाजूला गेलो. तिथे नोकरमंडळींचं जेवण चाललं होतं. मक्याच्या पिठाचा घट्ट, पांढरा उकडलेला गोळा, त्याला ते न्शिमा म्हणतात. त्याचा तुकडा हाताने वळून कालवणात बुडवायचा आणि खायचा. रुपा त्यांच्यात जमिनीवर मांडी घालून बसली होती, बोटं चाटत. शेजारी आमचा तंबू झाडायला येणारी मर्सी होती. मी जवळ जाऊन बघितलं. कालवण सुक्या मासळीचं होतं. बोटाएवढे बारीक मासे, टोमॅटोत शिजवलेले. कपेंटा म्हणतात.

‘बाबा, बसा ना! अगदी आपल्या सुकटीसारखं लागतं,’ ती म्हणाली.

मर्सीने मला बघून गुडघे वाकवले आणि दोन्ही पंजे खोलगट करून हळूच टाळ्या वाजवल्या. मोठ्या माणसाला मान देण्याची त्यांची ही रीत. चांगली रीत आहे, आमच्यात उठून उभंसुद्धा राहत नाहीत आता. मी घासभर खाल्लं. वाळू लागली दाताखाली, आणि मीठ कमी. पण खरं सांगायचं तर मला ते गोड लागलं नाही, ते काही चवीमुळे नाही. माझी मुलगी माझ्याशिवाय, माझ्या बोंबलांशिवाय, हजारो मैलांवर सुकी मासळी खाऊन तृप्त झाली होती. मी काय घेऊन आलो होतो मग?

त्याआधी मी बोंबील कोठीत दिले नव्हते ते आचारी त्यांना वासामुळे बाहेर टाकील, गोरे नाकाला रुमाल लावतील, या भीतीने. त्या दुपारनंतर दिले नाहीत ते हट्टाने. आमचे बोंबील त्या कपेंटाच्या शेजारी मांडायचे? नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी रुपाला सुट्टी होती. मी स्वतः निखारे मागून घेणार, बोंबील भाजणार, तिच्या हातात देणार, आणि तिने पहिला घास घेतला की हॉटेलचा विषय काढणार. माझं सगळं ठरलं होतं. बोचकं स्वेटरखाली होतं, बॅगेची चेन लावलेली होती. कुठल्या जनावराला कळणार आहे?

ज्या दुपारची वाट पाहत होतो

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीवरून परतलो तर आमच्या तंबूभोवती माणसं जमलेली. तंबूच्या दाराची जाळी वरपासून खालपर्यंत फाटलेली. पायऱ्यांवर बोंबलाचे तुकडे, धोतराच्या चिंध्या, माझे बनियन. समोरच्या झाडावर एक दांडगा बबून, कुत्र्यासारख्या तोंडाचं माकड असतं ते, मांडी घालून बसला होता आणि निवडून निवडून खात होता. बोंबलांची डोकी टाकून देत होता. क्षणभर मला त्याचा एवढा राग आला, की मी त्याला शिवी हासडली.

मग मला पायरीवर बसलेली मर्सी दिसली. ती बिछाने घालायला आत गेली तेव्हा बबून आतच होता. दाराशी ती उभी, म्हणून त्याला पळायला वाट नव्हती. त्याने तिचा हात फाडला होता. कोपरापासून मनगटापर्यंत. रुपा तिच्यापुढे गुडघ्यावर बसून पट्टी बांधत होती, आणि पट्टी पुन्हा पुन्हा लाल होत होती. मर्सी रडत नव्हती. ती झाडावरच्या बबूनकडे बघत होती.

रुपाने वर बघितलं नाही. ‘बाबा, हे तुमचं?’

‘हो.’

‘दिलं नव्हतंत?’

सुमनने माझ्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तशी नजर मी पूर्वी पाहिली नव्हती.

‘तुमी मना हो बोल्लाव,’ ती एवढंच म्हणाली.

मर्सीला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. टाके पडले, इंजेक्शनं द्यावी लागली. रुपाने वायरलेसवर वनरक्षकाला बोलावलं. त्या नराला आता तंबूची चटक लागली, पुन्हा आला तर गोळी घालावी लागेल, असं ती त्याला सांगत होती. मग ती आमच्याकडे आली. टोपी काढून हातात धरली होती.

‘बाबा, उद्या सकाळचं विमान आहे. तुमचं नाव दिलंय.’

मला आधी कळलंच नाही. मग हसू आलं. ‘अगं, मी तुझा बाप आहे.’

‘माहिती आहे.’

‘एवढ्या लांबून आलोय. चार दिवस नाही झाले.’

‘माहिती आहे, बाबा.’ तिचा आवाज फाटला. पण तिने शब्द मागे घेतला नाही.

मी सुमनकडे वळलो. ‘चल, बॅगा भर.’

‘मी कशाला जाऊ?’ सुमन म्हणाली. ‘मी काय केलाय? मी पोरीपाशी रेनार हाय. मर्सीला जेवान भरवाला कोन हाय का हितं?’

राग, शरम, अपमान, सगळं एकदम आलं. रागच जास्त होता, खोटं का बोलू? नियम नियम म्हणून बापाला हाकलणारी ही कसली मुलगी? हे काय संस्कार, असं मनात घोकत मी बॅग भरली. शाळेत मी नियम मोडणाऱ्या पोराला वर्गाबाहेर उभं करायचो, मग तो मुख्याध्यापकांचा का असेना. पण ती शाळा होती.

संध्याकाळी सुमन मला हाताला धरून मर्सीकडे घेऊन गेली. ती खोलीबाहेर चटईवर बसली होती, हात गळ्यात बांधलेला. सुमनने तिच्यापुढे बसून गुडघे टेकले आणि अगदी त्यांच्यासारख्या खोलगट पंजांनी टाळ्या वाजवल्या. मी उभाच होतो. मग मीही बसलो, वाजवल्या, आणि ‘सॉरी’ म्हणालो. आयुष्यभर माझी गाडी एवढ्याशा इंग्रजीवर कधी अडली नव्हती.

मर्सी एका हाताने टाळी वाजवू शकत नव्हती. तिने मोकळा हात छातीवर ठेवला. म्हणाली, ‘मी मॅडमना सांगितलं, वडील आहेत, राहू द्या. मॅडम रडल्या. म्हणाल्या, मर्सी, उद्या तू त्या तंबूत जाशील ती कोणाच्या भरवशावर?’

मी उठलो आणि नदीकडे बघत राहिलो. पाणघोडे फुसफुसत होते. मला त्यांचाही राग येईना.

एकटा

सकाळी रुपानेच मला धावपट्टीवर सोडलं. आधी जीप इकडून तिकडे पळवून हरणं हाकलली, मग माझी बॅग उतरवली. विमानाचा आवाज आला तेव्हा ती माझ्या पाया पडली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. टोपीवर ठेवला खरं तर, आणि तिने ती काढली नाही, कारण मी गेल्यावर तिला लगेच कामाला लागायचं होतं. माझ्या जागी त्याच विमानातून उतरलेल्या दोघा पाहुण्यांपुढे तिने चिमट्याने ओला रुमाल धरला, ते मी खिडकीतून पाहिलं.

मुंबईच्या विमानतळावर निलेश गाडी घेऊन आला होता. मला बघून तो माझ्या मागे बघत राहिला.

‘काकी कुटं हाय?’

‘तिकडंच.’

‘आनि रुपा?’

‘तिकडंच.’

वाशीचा पूल ओलांडेपर्यंत त्याने दम धरला. मग म्हणाला, ‘काका, साहेब रोज इचारतान. जागा किती दिवस राखून ठेवनार? ती कवा येतं?’

‘साहेबांना सांग, दुसरं माणूस बघा.’

‘म्हंजे ती नाय बोल्ली?’

‘मी विचारलंच नाही.’

त्याने गाडी बाजूला घेतली आणि माझ्याकडे वळून बघितलं. ‘काका, येवढ्यासाठीच तर गेल्लाव ना तुमी?’

एवढ्यासाठीच गेलो होतो. पण जिने त्या कॅम्पासाठी आपल्या बापाला बाहेर काढलं, तिला तो कॅम्प सोड म्हणायला माझ्याकडे तोंड उरलं नव्हतं.